मशीन कुणाला दाखवू, कुणाला नको?

प्रश्न : सातारा जिल्ह्यात माझं वेल्डिंग-फॅब्रिकेशनचं लहान वर्कशॉप आहे. आयटीआय फिटर आहे. गेली तीन वर्षं रिकाम्या वेळात भुईमुगाच्या शेंगा फोडायचं मशीन करतोय. 30 सेंटीमीटर व्यासाचा ड्रम, खाली अर्धगोल जाळी, एक एचपीची 1440 फेऱ्यांची मोटर, मोटरला तीन इंची पुली, ड्रमला बारा इंची. जाळी बसवायची एक वेगळी युक्ती काढली आहे, ती पत्रात लिहीत नाही. शेंगा फुटतात, पण चार-पाच दाण्यांमागे एकाची डाळ होते आणि गाडी वर्षभर तिथेच अडली आहे. मशीन कुणालाही दाखवलेलं नाही. शाफ्ट टर्न करून देणाऱ्या लेथवाल्यालाही तो कशाचा आहे ते सांगितलं नाही. मेहुणा म्हणतो, भागीदार घे. शेती अवजारांचा एक दुकानदार बघायला यायचं म्हणतो. मला वाटतं, एडिसनसारखे लोक एकटेच खपले म्हणून त्यांचं नाव झालं. चार डोकी आली की कल्पना आपली राहत नाही. आधी पेटंट घेऊ की आधी मशीन सुधारू? आणि दाखवलं तर चोरीला जाणार नाही कशावरून?

उत्तर : क्रम असा ठेवा. आधी पेटंटचा तात्पुरता अर्ज, मग मशीन दाखवणं, आणि सुधारणा त्यानंतर चारचौघांच्या मदतीने. तुम्ही पहिलं पाऊल टाकलेलं नाही आणि दुसऱ्या पावलाला घाबरता, म्हणून तिसरं अडलंय. अर्जाचा सगळा तपशील खाली दिला आहे. पण त्याआधी एडिसनचं बघू, कारण अडचणीचं मूळ तिथे आहे.

एडिसन एकटे खपले नाहीत. 1876 मध्ये न्यू जर्सीत मेन्लो पार्कला त्यांनी जागा घेतली, ती माणसं जमवून काम करण्यासाठीच. चार्ल्स बॅचलर प्रयोग हाताने करून बघायचा, जॉन क्रूसी कागदावरच्या रेघोट्यांवरून यंत्र घडवायचा, फ्रान्सिस अप्टन गणित मांडायचा आणि लुडविग बोहम काच फुंकायचा. 1879 चा दिवा तासन्‌तास टिकला, कारण फुग्यातली हवा नीट काढता आली. ती काढणारा पाऱ्याचा पंप हर्मन स्प्रेंगेलने 1865 मध्येच केलेला होता. इंग्लंडात जोसेफ स्वान त्याच दिव्याच्या मागे होता आणि 1883 मध्ये तिथल्या धंद्यासाठी दोघांनी एकच कंपनी केली. अमेरिकेत एडिसनच्या नावावर 1,093 पेटंटं आहेत, तेव्हा नाव झालं हे खरंच. पण चार डोकी आल्याने ते बुडालं नाही, एवढं यातून दिसतं.

आता तुमच्या ड्रमकडे येऊ.

1440 च्या मोटरला तीन आणि बारा इंची पुली म्हणजे ड्रमला मिनिटाला 360 फेरे, पट्टा थोडा घसरतो ते सोडून. 30 सेंटीमीटरच्या ड्रमची कड त्या वेगात सेकंदाला साधारण 5.65 मीटर धावते. ड्रमची पुली सोळा इंची केलीत तर फेरे 270 वर येतील आणि कडेचा वेग 4.24 मीटर होईल. वेग पाऊणपट झाला, पण मार वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणून शेंगेला बसणारा तडाखा जवळजवळ निम्म्याने उतरतो, सुमारे 44 टक्क्यांनी. एका पुलीच्या खर्चात होणारा हा प्रयोग आहे. तासाला निघणारा माल कमी होईल आणि न फुटलेल्या शेंगा वाढतील. किती वाढतात ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि ‘चार-पाच दाण्यांमागे एक’ हे मोजमाप नव्हे.

मोजायचं असं. एकाच ढिगातल्या 10 किलो शेंगा तोला, चालू मशीनमध्ये सारख्या गतीने सोडा आणि बाहेर आलेल्या मालाचे चार ढीग करा: आख्खे दाणे, डाळ आणि तुकडे, न फुटलेल्या शेंगा, टरफलं. टरफलांच्या ढिगातून उडून गेलेले दाणे निवडून आपापल्या ढिगात घाला. शेंगेच्या वजनात दाणा साधारण 70 टक्के असतो, म्हणजे दहा किलोतून सातेक किलो दाणा आणि तीन किलो टरफल निघायला हवं. चारही ढिगांची बेरीज दहा किलोच्या खाली बरीच गेली, तर माल मशीनमध्ये कुठेतरी अडकतोय, आणि अडकलेला दाणा पुन्हा पुन्हा मार खाऊनच बाहेर पडतो. फुटीचं प्रमाण काढताना डाळ-तुकड्यांच्या वजनाला एकूण दाण्याच्या वजनाने भागा, शेंगांच्या नव्हे. एका सेटिंगवर तीन वेळा काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पुली आणि फट एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कुणालाच सांगता येणार नाही.

फुटलेला दाणा हातात घेऊन नीट बघा, तो बरंच सांगतो. स्वच्छ दोन पाकळ्या होऊन साल सुटली असेल, तर वेग जास्त आहे किंवा शेंग फार वाळली आहे. दाणा चेपून बोटाला तेल लागत असेल, तर ड्रम आणि जाळीतली फट कमी आहे. दाणा आख्खा आहे पण साल खरवडली आहे, तर तो जाळीतून वेळेवर खाली पडत नाही, आत घोळत राहतो. जाळीच्या खाचा अरुंद आहेत किंवा टरफलांनी बुजल्या आहेत. आणि न फुटलेल्या सगळ्या शेंगा एकदाणी, बारीक असतील, तर त्या खाचांतून आख्ख्याच निसटताहेत, त्यासाठी ड्रमला दोष देऊ नका.

हा शेवटचा मुद्दा जरा खोल आहे. खाच सर्वांत जाड दाण्यापेक्षा रुंद आणि सर्वांत बारीक शेंगेपेक्षा अरुंद हवी. व्हर्निअर घेऊन पन्नास दाणे आणि पन्नास शेंगा मोजा, म्हणजे दिसेल की पुष्कळदा सर्वांत बारीक शेंग सर्वांत जाड दाण्याहूनही बारीक असते. मग एका जाळीत दोन्ही अटी बसतच नाहीत, कितीही डोकं लढवा. उपाय दोनच: शेंगा आधी चाळून लहान-मोठ्या वेगळ्या करणं, किंवा जाळी पटकन बदलता येणं. तुमची लपवलेली युक्ती या दुसऱ्या जातीतली असेल तर ती खरोखर उपयोगाची आहे. वाणाप्रमाणे हे मोजमाप बदलतं. एसबी-11 ची शेंग लहान, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाने मिळून काढलेल्या टीपीजी-41 चा दाणा टपोरा. एकाच शेतातल्या शेंगांवर तीन वर्षं चाचणी घेतली असेल, तर मशीन त्या शेतापुरतंच तयार झालंय.

आता फट. पट्टी घालून ती चार ठिकाणी मोजा: ड्रमच्या दोन्ही टोकांना, शेंग शिरते तिथे आणि बाहेर पडते तिथे. शिरताना जास्त, पुढे कमी होत जाणारी असावी. मग ड्रम हाताने सावकाश फिरवा. एकाच जागी फट फेऱ्यागणिक कमी-जास्त होत असेल, तर ड्रमचा मध्य आणि शाफ्टचा मध्य एक नाही. अशा वेळी एका बाजूला दाणा चेपतो आणि दुसऱ्या बाजूने शेंग न फुटताच निसटते. तुमच्या वर्णनावरून आमचा पहिला संशय याच्यावरच आहे.

आणि इथेच लेथवाला लागतो. शाफ्ट कशाचा आहे हे त्याला ठाऊक असतं, तर दोन्ही बेअरिंगच्या जागा त्याने सेंटरमध्ये धरून एकाच सेटिंगला काढल्या असत्या. त्याने हेही सांगितलं असतं, की ड्रमच्या तबकड्या शाफ्टला वेल्ड केल्या की उष्णतेने शाफ्ट ओढला जातो, म्हणून वेल्डिंग झाल्यावर ड्रम पुन्हा लेथवर चढवून बाहेरून साफ करून घ्यावा लागतो. ड्रम फिरताना किती हेलकावतो ते दाखवणारं घड्याळी माप, म्हणजे डायल गेज, लावायला त्याला पाच मिनिटं लागतात. तुम्ही त्याला नुसता माप लिहिलेला कागद दिलात, त्याने मापाप्रमाणे काम केलं. त्याचं काही चुकलं नाही.

तो एकटाच नाही. शेंगा फोडून दाणे निवडणाऱ्या बायकांना, कुठल्या ढिगाची डाळ जास्त होणार हे मूठभर शेंगा हलवल्यावर कळतं. त्यांना दोन वेगवेगळ्या सेटिंगचा माल न सांगता निवडायला द्या आणि कुठला बरा ते विचारा. मजुरी मात्र द्या, फुकट सल्ला मागू नका. शेतकऱ्याला विचारा, शेंगा किती दिवस आणि कुठे वाळवल्या: मेच्या उन्हात पत्र्यावर वाळलेला दाणा ठिसूळ होतो, त्याची डाळ कुठल्याही मशीनमध्ये होणार. काही जण अशा शेंगांवर हलकं पाणी मारून रात्रभर प्लास्टिकखाली झाकतात आणि सकाळी तासभर पसरून मग फोडतात. फूट कमी होते, पण ओलसर दाणा तसाच पोत्यात भरला तर अस्परजिलस बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिनसारखं विष तयार होतं. हे करणार असाल तर फोडलेला दाणा त्याच दिवशी पुन्हा वाळवा. बियाण्याच्या शेंगांवर हा प्रयोग नको.

सर्वांत आधी विचारायचं मात्र घेणाऱ्याला. तेलघाण्याला डाळीशी फारसं देणंघेणं नसतं, लगेच गाळायचं असतं. किराणा बाजारात आख्ख्या दाण्याला वेगळा भाव मिळतो. बियाण्याला तर सालीसकट आख्खाच दाणा हवा, डाळ उगवत नाही. तुमची आजची फूट घाण्याला कदाचित चालूनही जाईल आणि बियाण्याला याच्या निम्मीही चालणार नाही. कुणासाठी मशीन करताय हे ठरलेलं नसेल, तर ‘सुधारलं’ कधी म्हणायचं तेही ठरत नाही. हा प्रश्न वर्कशॉपच्या आत बसून सुटत नाही.

लोखंडी पट्ट्यांऐवजी रबराच्या पट्ट्या लावून बघा, असंही कुणीतरी सांगेल. बरोबर सांगेल, रबराने फूट उतरते. पण जुन्या टायरचं रबर दाण्याला काळा डाग आणि वास लावतं. कन्व्हेअर बेल्टचं कापडाच्या थराचं रबर घ्या आणि झिजलं की बदलता यावं म्हणून बोल्टने बसवा.

एकट्याने डोकं चालवून कुठवर जाता येतं आणि पुढे कुणाची गरज पडते, याचा सर्वांत नीट नोंदवलेला दाखला वाफेच्या इंजिनाचा आहे. त्यात दाखवण्याचा आणि लपवण्याचा, दोन्हींचा हिशेब मिळतो.

जेम्स वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. 1763-64 च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या इंजिनाचं एक मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. मूळ इंजिन 1712 पासून खाणींतून पाणी उपसत होतं. दर खेपेला सिलिंडर तापवून पुन्हा गार करण्यात वाफ फुकट जाते हे त्याच्या लक्षात आलं आणि 1765 मध्ये वाफ वेगळ्या भांड्यात गार करायची कल्पना सुचली. ही कल्पना त्याचीच, यात वाद नाही. पेटंट 1769 चं. पण चालतं, विकता येतं असं इंजिन व्हायला आणखी सात वर्षं गेली. पहिला पैसेवाला भागीदार रोबक बुडाला, त्याचा वाटा बर्मिंगहॅमच्या मॅथ्यू बोल्टनने घेतला. आणि खरा अडसर होता सिलिंडरचा: दट्ट्या आणि भिंत यांच्यातून वाफ निसटायची, कारण एवढं मोठं भोक गोल आणि सरळ कोरणारं यंत्रच नव्हतं. ते जॉन विल्किन्सनने तोफा कोरण्यासाठी केलं, पेटंट 1774 चं. त्यानंतर त्याने वॉटसाठी कोरलेल्या 50 इंची सिलिंडरमध्ये कुठेही जुन्या शिलिंगच्या जाडीइतकीही चूक नाही, असं बोल्टनने लिहून ठेवलंय. तुमच्या ड्रमचं आणि शाफ्टचं दुखणं याच जातीचं आहे, म्हणून हे इतकं सविस्तर.

पुढची गोष्ट तुमच्या भीतीच्या जास्त जवळची. 1775 मध्ये ब्रिटिश संसदेने वॉटच्या पेटंटची मुदत 1800 पर्यंत वाढवली. कॉर्नवॉलच्या कथिल-तांब्याच्या खाणीवाल्यांकडून वॉट-बोल्टन वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग घेत. दुसऱ्या कुणी सुधारणा केली की कोर्टकचेरी. जोनाथन हॉर्नब्लोअरचं दोन सिलिंडरचं इंजिन असंच अडलं. 1800 मध्ये पेटंट संपलं, वॉटची माणसं निघून गेली आणि काही वर्षं तिथली इंजिनं उलट बिघडतच गेली, कारण देखभाल कशी करायची याची माहिती एकत्र कुणाकडेच नव्हती.

मग 1811 मध्ये जोएल लीन नावाच्या खाण-अधिकाऱ्याने दरमहा एक पत्रक काढायला सुरुवात केली. त्यात प्रत्येक इंजिन कुठल्या खाणीवर आहे, सिलिंडर केवढा आहे, इंजिनियर कोण आहे, आणि एका बुशेल (तिथलं कोळसा मोजायचं जुनं माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढलं, ते सगळं छापलेलं असायचं. शेजारच्या खाणीचा आकडा आपल्याहून चांगला दिसला की लोक जाऊन बघायचे, विचारायचे, उचलायचे. रिचर्ड ट्रेव्हिथिकने 1812 मध्ये व्हील प्रॉस्पर खाणीवर उच्च दाबाचं इंजिन बसवलं, त्याचं तर पेटंटच घेतलं नाही. पुढच्या तीस वर्षांत कॉर्नवॉलच्या इंजिनांचा सरासरी आकडा सुमारे तिप्पट झाला. आणि इंजिनियरची नावं छापली जात असल्याने श्रेय बुडालं नाही. ज्याचा आकडा चांगला त्याला पुढची कामं मिळायची.

यावरून पेटंट घेऊच नका असं आम्ही सांगत नाही. खाणीवाल्यांचा पैसा कथिल-तांब्यात होता, इंजिन विकण्यात नव्हता. तुम्हाला मशीन विकायचंय. पण त्या पत्रकाची नक्कल तुम्हाला करता येईल, तीही फुकटात. अर्ज दाखल झाला की परिसरातल्या चार-पाच शेंगा फोडणाऱ्या मशीनवाल्यांचा एक ग्रुप करा, आणि प्रत्येकाने हंगामात एकाच नमुन्यात नोंद टाकायची: वाण, किती दिवस वाळवलं, ड्रमचे फेरे, फट, तासाला किती किलो, फूट किती टक्के, न फुटलेल्या किती. फॉरवर्ड केलेले जोक टाकायला बंदी. एका हंगामात जेवढे वाण आणि जेवढ्या प्रकारची वाळवण तुमच्या नजरेखालून जाईल, तेवढी एकट्याने दहा वर्षांतही जाणार नाही.

आता चोरी. तुमची भीती खुळी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 भातात वेगळ्या दिसलेल्या ओंब्या निवडून, वाढवून एचएमटी भात तयार केला. बियाणं त्यांनी हातोहात लोकांना दिलं, ते पार राज्याबाहेर पसरलं. 1990 च्या दशकात अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याचं शुद्ध केलेलं वाण पीकेव्ही-एचएमटी या नावाने आणलं. श्रेय कुणाचं हा वाद दादाजींच्या हयातीत मिटला नाही. 2018 मध्ये ते गेले. त्या वेळी शेतकऱ्याचं वाण नोंदवायचा कायदाच नव्हता, तो 2001 मध्ये झाला. जयपूर फूटचंही थोडं तसंच: तो पाय डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा या दोघांनी मिळून घडवला, 1981 चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. दोन्ही ठिकाणी इतरांना सामील करून घेणं बरोबरच होतं. कुणी काय केलं याचा कागद सुरुवातीलाच व्हायला हवा होता.

तुमच्याकडे त्या कागदाची सोय आहे, म्हणून तपशील.

तात्पुरता अर्ज म्हणजे नमुना 1 आणि नमुना 2 मधलं प्राथमिक वर्णन. महाराष्ट्रासाठी मुंबईचं पेटंट कार्यालय, अँटॉप हिलला. ऑनलाइनही भरता येतो, त्याला डिजिटल स्वाक्षरी लागते. व्यक्तीसाठी ऑनलाइन फी 1,600 रुपये, कागदावर दिलात तर 1,750. पेटंट एजंट नेमलात तर त्याची फी वेगळी. वर्णनात मोघमपणा नको. ‘जाळीची विशेष रचना’ असं लिहिलंत तर काहीच राखलं जात नाही. जाळी कशी बसते, कशाने अडकते, किती कोनात उघडते, कुठली मापं बदलू शकतात, ते चित्रासकट लिहा. तुम्ही मशीन जितकं लपवताय तितकंच या कागदावर उघडं करायचं आहे. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, तोवर कार्यालय तो गुप्त ठेवतं.

तारीख मिळाल्यापासून 12 महिन्यांत पूर्ण वर्णन द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. या बारा महिन्यांत लेथवाल्याने, शेतकऱ्याने नवी सुधारणा सुचवली तर? ती पहिल्या कागदात नसेल तर तिला पहिली तारीख मिळत नाही. म्हणून ती सुधारणा बाहेर दाखवायच्या आधी दुसरा तात्पुरता अर्ज टाका, पुन्हा 1,600 रुपये. पहिल्या अर्जापासून बारा महिन्यांच्या आत दोन्हींचं मिळून एकच पूर्ण वर्णन देता येतं, सुधारणा एकमेकींशी संबंधित असल्या की झालं. बहुतेक लोक इथे पहिल्या अर्जावर विसंबून सगळं दाखवत सुटतात.

तपासणी आपोआप होत नाही. नमुना 18, व्यक्तीसाठी 4,000 रुपये, आणि आता मुदत पहिल्या तारखेपासून 31 महिने. ती चुकली तर अर्ज मेला. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षं, तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण, सुरुवातीला वर्षाला 800 रुपये.

अर्जाआधी विक्री केलीत, यूट्यूबवर किंवा व्हॉट्सॲपवर व्हिडिओ टाकलात किंवा कृषी प्रदर्शनात मांडलंत, तर नावीन्य तिथेच संपतं. प्रदर्शनाची सवलत कायद्यात आहे, पण केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. तालुक्याच्या मेळाव्यावर विसंबू नका.

मिळेलच असंही नाही. ओळखीचे भाग नुसते शेजारी-शेजारी बसवले आणि प्रत्येक भाग आपलं जुनंच काम करत राहिला, तर कायद्याचं कलम 3(फ) त्याला शोध मानत नाही. ड्रम, जाळी, पंखा हे सगळं जुनं आहे. तुमची युक्ती जाळीला असं काही करायला लावते का, जे आधी होत नव्हतं? हे ताडायला भारतीय पेटंट कार्यालयाचा मोफत शोध आहे, गूगल पेटंट्स आहे. शेंगा फोडणी यंत्रं म्हणून शोधा आणि चित्रं बघा. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेची यंत्रंही नजरेखालून घाला. दोन संध्याकाळी जातील, पण आधीच झालेलं पुन्हा करण्यात चौथं वर्ष जाणार नाही. खर्च झेपत नसेल तर गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशाच गावपातळीवरच्या कल्पकांचे पेटंट अर्ज स्वतः भरून देतं, श्रेय कल्पकाच्या नावावर ठेवून. त्यांना आधी लिहा.

‘चार डोकी आली की कल्पना आपली राहत नाही’ याला कायद्यात सरळ उत्तर आहे. तुमच्या चित्राप्रमाणे शाफ्ट कापून देणारा संशोधक होत नाही, त्याला मजुरी मिळाली की झालं. त्याने सुचवलेला बदल पेटंटच्या दाव्यात, म्हणजे नेमका कुठला शोध आपला ते सांगणाऱ्या भागात गेला, तर मात्र त्याचं नाव संशोधक म्हणून घालायलाच हवं. न घालणं पुढे पेटंटच्या अंगावर येतं. संशोधक म्हणून नाव आणि मालकी या वेगळ्या गोष्टी आहेत, मालकी करारात ठरवता येते. करार नसेल तर सहमालकांचा वाटा सारखा धरतात, प्रत्येकाला दुसऱ्याला हिशेब न देता मशीन बनवता-विकता येतं, आणि दुसऱ्याच्या संमतीशिवाय कुणालाच परवाना देता येत नाही. मेहुण्याबरोबर हे लागू झालं तर सणावाराला पंचाईत. म्हणून भागीदार घ्याल तेव्हा 500 रुपयांच्या स्टॅम्पवर दोन पानं लिहा: आजवर काय तयार आहे आणि ते कुणाचं, पुढच्या सुधारणेची मालकी कशी, खर्च कोण किती घालणार, एक जण बाहेर पडला तर काय. पैसे घालणारा भागीदार आणि डोकं घालणारा भागीदार यांना एकाच वाक्यात गुंडाळू नका.

शिवाय पक्क्या बांधणीची, पानांवर नंबर असलेली एक वही. प्रत्येक चाचणीची तारीख, आकडे, आणि कुठली सूचना कुणाची, खाली त्याची सही. पान फाडायचं नाही, चूक झाली तर एक रेघ. वहीने पेटंटची तारीख मागे सरकत नाही, आपल्याकडे जो आधी अर्ज करेल त्याची तारीख. पण उद्या कुणी म्हणालं, की हे तर मीच सांगितलं होतं, तर तोंडी भांडण टळतं. आणि उलट बाजूने, लेथवाल्याला आपलं नाव वहीत दिसलं की तो पुढच्या वेळी आपण होऊन सांगेल.

दुकानदाराला आत्ता नको. अर्जाचा क्रमांक हातात आला की बोलवा, त्याआधी एक पानी गोपनीयता करार पुढे करा. सही करायला का-कू करणारा दुकानदार नेमकं काय बघायला येतोय ते तिथेच कळेल. आला की त्याला मशीनपेक्षा चार ढिगांचे आकडे आधी दाखवा, आणि तीन प्रश्न विचारा: घाण्यावाला, किराणावाला की बियाणेवाला, कुठलं गिऱ्हाईक त्याच्याकडे येतं; सुटे भाग कोण ठेवणार; आणि बिघडलं तर फोन कुणाला लावतात. तिसऱ्याचं उत्तर ‘तुम्हालाच’ असं आलं, तर किमतीत ते धरा.

आणि कुणीही बघायला यायच्या आधी पट्ट्यावर जाळीचं कव्हर बसवा, शेंगा टाकायच्या तोंडाला हात ड्रमपर्यंत पोचणार नाही एवढी उंची द्या, मोटरला अर्थिंग करा. आजवर मशीन तुम्ही एकट्यानेच चालवलंय, त्यामुळे कुठे हात घालायचा नाही ते तुमच्या अंगवळणी पडलंय. दाणे निवडायला आलेल्या बाईच्या पदराला ते ठाऊक नसतं.